भिंतीवरच्या चित्राचं काय करू?

ताई,

मी 37 वर्षांची आहे, पुण्यात पुस्तकांच्या मांडणीचं काम करते. सध्या लहान मुलांच्या गोष्टींचा मराठी-इंग्रजी संच हातात आहे, 6 पुस्तकांचा. इंग्रजी मजकुरासाठी मी 'गिल सॅन्स इन्फंट' हा फाँट लावलाय. कॉलेजात एरिक गिल या ब्रिटिश शिल्पकार-अक्षरकाराची अक्षरं पहिल्यांदा पाहिली, तेव्हापासून त्याच्यावर माझा जीव आहे. आज हे काम करते त्याला निम्मं कारण तो आहे.

मागच्या महिन्यात ऑफिसातला एक मुलगा सहज म्हणाला, "मॅडम, हा माणूस कोण होता माहीत आहे ना?" मला माहीत नव्हतं. रात्री उशिरापर्यंत वाचत बसले. त्याने स्वतःच्या मुलींवर अत्याचार केले होते. माझ्या टेबलासमोर त्याचं एक छोटं चित्र फ्रेम करून लावलंय, मैत्रिणीने लंडनहून आणलेलं पोस्टकार्ड आहे. टबात बसलेली मुलगी. ती त्याचीच मुलगी होती, हेही त्या रात्रीच कळलं. माझी लेक 9 वर्षांची आहे. ती त्याच टेबलाशी बसून गृहपाठ करते.

नवरा म्हणतो, माणूस मरून 80 वर्षं होऊन गेली, अक्षरांनी तुझं काय घोडं मारलंय? भाऊ म्हणतो, असं बघायला गेलं तर एकही कलावंत शिल्लक राहायचा नाही. ऑफिसातली पोरं म्हणतात, टाका काढून. पुस्तकं पुढच्या महिन्यात छपाईला जायची आहेत. फाँट बदलू का? चित्र काढू का? आणि इतकी वर्षं जीव लावला, त्याचं काय करू? मला हे इतकं का लागलं ते माझं मला ठाऊक आहे, ते इथे लिहीत नाही.

— एक अक्षरवेडी

*

प्रिय अक्षरवेडी,

तुझं पत्र वाचलं आणि उठून कपाटातलं पेंग्विनचं एक जुनं पुस्तक काढलं, नारिंगी पट्ट्यांचं. मुखपृष्ठावरची अक्षरं गिल सॅन्सचीच. 1935 पासूनची ती पुस्तकं ज्यांच्या ज्यांच्या घरात आहेत, त्या सगळ्यांकडे हा माणूस नाव न सांगता येऊन बसलेला आहे. तेव्हा तुला माहीत नव्हतं याचा अपराध स्वतःच्या माथी मारून घेऊ नकोस. 1989 साली फियोना मॅकार्थी यांनी त्याचं चरित्र लिहिलं, तोवर जगालाही हे माहीत नव्हतं. लोक त्याला धर्मनिष्ठ कॅथलिक कारागीर म्हणूनच ओळखत होते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलमध्ये येशूच्या क्रूसयात्रेची 14 शिल्पं आहेत, ती त्याचीच.

आधी चित्राचं सांगते, कारण त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ते चित्र काढ. आज काढ.

तू ज्याला 'गिलची कला' म्हणतेस त्यात वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचं दुखणं एकसारखं नाही. ते चित्र 1923 सालचं, लाकडाच्या ठोकळ्यावर कोरून छापलेलं. टबातली मुलगी म्हणजे पेत्रा, गिलची दुसरी मुलगी, तेव्हा 16-17 वर्षांची. आईबापाने लेकराचं चित्र काढण्यात वावगं काही नाही, जगभरातल्या चित्रकारांनी काढलेली आहेत. पण गिलने थोरल्या दोन मुली वयात येत असताना त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केले, आणि ते स्वतःच्या डायरीत स्वतःच्या हाताने नोंदवून ठेवले. मॅकार्थी यांना ते त्या डायऱ्यांतच सापडलं. हे एकदा कळलं की त्या चित्रातल्या रेषेकडे नुसती रेषा म्हणून बघता येत नाही. अत्याचार करणारा हात आणि चित्र कोरणारा हात एकच, घर तेच, मुलगी तीच. बापापुढे 'नाही' म्हणायची सोय नसलेल्या घरात ती टबात बसली होती. आपण ते चित्र 'काय सुंदर रेषा आहे' म्हणून भिंतीवर लावतो तेव्हा, नकळत का होईना, त्याच्या डोळ्याला डोळा लावून तिच्याकडे बघत असतो.

तू म्हणशील, ही चित्रं तर संग्रहालयांत आहेत. आहेत, आणि तिथे ती असावीत असंच मला वाटतं. ससेक्समधल्या डिचलिंग या गावी गिल राहत होता, तिथल्या संग्रहालयाने 2017 साली याच प्रश्नावर प्रदर्शन भरवलं. वर्षानुवर्षं जे दबक्या आवाजात बोललं जायचं ते कामाच्या शेजारी स्पष्ट लिहिलं. कॅथी पिल्किंग्टन या शिल्पकर्तीने गिलने पेत्रासाठी कोरलेल्या एका लाकडी बाहुलीवरून स्वतःचं नवं काम केलं आणि तेही तिथे मांडलं. खेळण्यातली बाहुली, मुलीसाठी केलेली. मी त्या बाहुलीचा विचार करते तेव्हा मला पुढचं वाक्य सुचत नाही. असो. सांगायचं एवढंच की संग्रहालयात बघणाऱ्याला सगळं सांगून मग बघू दिलं जातं. आपल्या टेबलासमोरची भिंत वेगळी. तिथे आपण जे लावतो ते आपल्या मायेचं म्हणून लावतो, रोज सकाळी त्याला नजर देतो. पेत्राच्या त्या चित्राला ती जागा देऊ नये.

आता अक्षरं.

माझे वडील जुळारी होते, छापखान्यात शिशाची अक्षरं जुळवायचे. सकाळी खिळ्यांच्या केससमोर उभे राहिले की दुपारच्या डब्यापर्यंत बसायचे नाहीत. मराठीची केस म्हणजे शेकडो खणांचा पसारा, इंग्रजीची त्या मानाने आटोपशीर. लग्नपत्रिकेवरच्या इंग्रजी पत्त्यासाठी, दुकानांच्या बिलबुकांसाठी एक टाईप ठेवलेला होता, त्याला ते नुसतं 'गिल' म्हणत. "गिल काढ गं," म्हणाले की मी तो खण ओढायची. मी 10-11 वर्षांची असेन. गिल हे कुणाचं नाव आहे हे मला माहीत नव्हतं, मला वाटायचं शिशाच्या जातीचं नाव असेल. कॅपिटल 'आर'चा तो पुढे टाकलेला पाय, स्मॉल 'जी'चा चष्मा, स्मॉल 'टी'चा तिरका छाटलेला माथा मी बोटांनी ओळखायची, उलटा खिळा हातात धरून. आकड्यांतल्या एकवर वडील वैतागायचे. नुसती उभी रेघ, कॅपिटल 'आय' आणि स्मॉल 'एल'च्या शेजारी बसवली की तिघांत फरक कळत नाही, आणि पत्रिकेवर फोन नंबर तर छापायचा असतो.

हे सगळं तुला सांगतेय ते अशासाठी की ही अक्षरं माझ्याही हातातून गेलेली आहेत. त्यांच्याविषयी मी तिऱ्हाईतासारखं बोलू शकत नाही.

पण त्या अक्षरांचा जन्म जरा नीट बघ. गिल अक्षरं शिकला एडवर्ड जॉन्स्टन यांच्याकडे. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पाट्यांसाठी 1916 साली जॉन्स्टननी जी अक्षरं आणली, त्यांच्याच वळणावर गिल सॅन्स उभा आहे. 1926 साली गिलने ब्रिस्टलमधल्या एका पुस्तकाच्या दुकानाची पाटी रंगवली. त्या अक्षरांवरून टाईप बनवणाऱ्या मोनोटाईप कंपनीच्या स्टॅन्ली मॉरिसन यांनी त्याच्याकडून पूर्ण टाईप करून घेतला, आणि 1928 साली तो बाजारात आला. गिलने रेखाटनं दिली, पण रेखाटन म्हणजे टाईप नव्हे, हे तुला मी सांगायला नको. एकेक अक्षर मोठं करून काढणं, वेगवेगळ्या मापांसाठी जाडी कमीजास्त करणं, शेजारच्या अक्षराशी अंतर बसवणं, हे काम मोनोटाईपच्या सॅल्फर्ड्स इथल्या कारखान्यातल्या रेखाटन विभागात झालं. त्या विभागात बहुतेक तरुण मुली होत्या. टाईपला नाव मिळालं गिलचं, त्यांच्यापैकी कुणाचं नाही. आणि तू जो 'इन्फंट' वापरते आहेस, एकमजली 'ए'चा, म्हणजे आपण हाताने काढतो तशा 'ए'चा, तो तर शाळेतल्या पोरांना वाचायला सोपा जावा म्हणून नंतर घडवलेला प्रकार.

मग अक्षरं निर्दोष का? मला 'निर्दोष' हा शब्दच इथे लावावासा वाटत नाही. दोष माणसाचा असतो. 'आर'च्या पायात त्या घरातलं काही उतरलेलं नाही, टबातल्या मुलीच्या चित्रात ते उतरलेलं आहे. तू इतकी वर्षं त्या पायावर प्रेम केलंस त्यात तुझी नजर कुठे फसली नाही. ते वळण देखणं आहे, काल होतं, उद्याही असेल. गिल वाईट निघाला म्हणून त्याची अक्षरंही आपल्याला कधी फारशी आवडलीच नव्हती, असं काही लोक मागाहून म्हणू लागतात. तसं करू नकोस. ते खरं नसतं, आणि वाईट माणसाच्या हातून चांगलं काम होतच नाही अशी एक खोटी समजूत त्यातून पसरते. मग पुढच्या वेळी एखाद्या मोठ्या गायकाविरुद्ध किंवा लेखकाविरुद्ध कुणी पोरगी बोलायला उभी राहिली की लोक तिलाच विचारतात, "असं काम करणारा माणूस असं कसं करेल?" करेल. केलेलं आहे. गिल रोज प्रार्थना करायचा.

आता तुझ्या घरच्यांचं. नवऱ्याचं एक बरोबर आहे. गिल 1940 साली गेला. तू फाँटचे पैसे भरतेस त्यातला रुपया त्याच्या खिशात जात नाही, त्या पैशाने त्याला कुठली ताकद मिळत नाही. कलावंत हयात असेल, अजून शिष्या घेत असेल, अजून त्याच्या खोलीत मुली जात असतील, तर तुझ्या तिकिटाचा पैसा त्याच्या संरक्षणाच्या कामी येतो, आणि तिथे माझं उत्तर फार वेगळं आणि फार कडक झालं असतं. गिलच्या बाबतीत ती भीती नाही. पण 'अक्षरांनी काय घोडं मारलंय' हा प्रश्न अर्धाच झाला. वाचणारे जिवंत आहेत. त्यांचं मी पुढे बोलते.

भावाचं म्हणणं मात्र मला मुळीच पटलं नाही. 'एकही शिल्लक राहायचा नाही' म्हणताना तो सगळी दुखणी एका पोत्यात भरतो. आपल्याकडचंच बघ. बालगंधर्व. 1911 साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, आणि तरी ते संध्याकाळी रंगमंचावर उभे राहिले. 1938 साली गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या आणि दोघं एकमेकांचे झाले, घरी पत्नी लक्ष्मीबाई असताना. माझी आजी दोन्ही गोष्टी सांगायची. पहिली सांगताना पदराने डोळे पुसायची, दुसरी सांगताना ओठ मुरडायची. ओठ मुरडायचं कारण लक्ष्मीबाईंचं दुःख असतं तर मी समजू शकले असते. पण तिच्या तोंडी यायचं ते गोहरबाईंची जात, धर्म आणि पेशा. मूल गेलं त्या रात्री त्या आईजवळ कोण होतं, हे तर कुणाच्याच बोलण्यात नसायचं. आपण 'कलावंताच्या खासगी आयुष्यातला वाद' असा गुळमुळीत शब्द वापरतो त्यात हे असं होतं. लोकांचं नाक कापलं गेलं तोही वाद, आणि एखाद्या पोरीचं बालपण कापलं गेलं तोही वाद. मी एकच विचारते, दुखावलं कोण गेलं? लोकलज्जा दुखावली असेल तर खुशाल गाणं ऐकावं. माणूस दुखावलं गेलं असेल तर आधी त्या माणसाचं नाव घ्यावं, मग गाण्याचं बोलावं. भावाला सांग, या चाळणीतून पुष्कळ कलावंत शिल्लक राहतात.

हे मला पुस्तकं वाचून कळलेलं नाही. मी 22-23 वर्षांची असताना एका कवीच्या कविता मला तोंडपाठ होत्या. नाव सांगत नाही. आमच्या मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला, पत्रिका माझ्या वडिलांनी जुळवली आणि मी घरोघर वाटली. माझ्या एका मैत्रिणीलाही नेऊन दिली, ती त्यांच्याकडे कविता दाखवायला जायची. तिने पत्रिका घेतली, घडी उघडली, परत घातली आणि माझ्या हातात ठेवली. मग दारातच उभ्या उभ्या मला सांगितलं, त्या घरात तिच्या बाबतीत काय झालं ते. मला काय बोलावं कळेना. मी मूर्खासारखं विचारलं, "मग मी त्यांच्या कविता म्हणायच्या नाहीत का आता?" ती म्हणाली, "म्हण की. कविता चांगल्याच आहेत, म्हणून तर मी गेले होते. मला फक्त त्या खुर्चीसमोर बसून टाळ्या वाजवायला बोलावू नका."

मी सत्काराला गेले नाही. वडिलांना कारण सांगितलं, तेही गेले नाहीत, पण मंडळाने सत्कार केला. त्यांच्या 2-3 कविता मला अजून येतात, एकटी असताना ओठांवर येतात, मी त्यांना अडवत नाही. पण गेल्या 40 वर्षांत मी त्या कुठल्या व्यासपीठावरून म्हटलेल्या नाहीत. वाचणं वेगळं आणि हार घालणं वेगळं, हे मला तिने दारात उभं राहून शिकवलं. तुझ्या पत्रातल्या 'जीव आहे' या शब्दांत दोन्ही मिसळलेलं आहे. अक्षरांवरचा जीव ठेव. माणसाला घातलेला हार काढ.

म्हणून पुस्तकांचं माझं उत्तर असं आहे: फाँट बदल. अक्षरं विटाळली म्हणून नाही, विटाळ हा शब्दच आपण वापरायला नको. पुस्तकं मुलांची आहेत म्हणून. 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेने 2022 साली गिल सॅन्स वापरणं थांबवलं, आणि मला वाटतं त्यांनी योग्य केलं. मुलांना जपायचं काम करणाऱ्यांच्या पाटीवर ते नाव नको, मग ते फाँटच्या यादीत दडलेलं का असेना. तुझ्या पुस्तकाच्या श्रेयनामावलीत 'टाईप: गिल सॅन्स इन्फंट' अशी ओळ जाणार असेल, तर ती वाचणाऱ्यांत एखादी अशी आई असेल जिला हे सगळं माहीत आहे आणि तिचं तिला काही आठवतं. तिच्या मांडीवर बसून लेकरू गोष्ट ऐकत असेल. तिच्यासाठी बदल. आणि तुझ्यासाठीही, कारण 6 पुस्तकांची प्रुफं तपासताना पानोपानी तुझ्या डोक्यात तेच येणार, हे मला तुझ्या पत्रावरून दिसतंय.

महिनाभराचा वेळ पुरेल. इंग्रजीची मापं बदलली की ओळी पळतील, चित्राखाली 2 ओळी होत्या तिथे 3 होतील, ते तू बघशीलच. मुंबईच्या 'एक टाईप' या फाँट घडवणाऱ्या मंडळींचे 'मुक्त' आणि 'बलू' बघ. देवनागरी आणि रोमन एकाच घरात वाढलेली अक्षरं आहेत, शिरोरेषेची जाडी आणि इंग्रजी अक्षरांचं वजन एकमेकांशी बसवायला तुला झगडावं लागणार नाही. लायसन्सचाही खर्च नाही. खरं तर द्विभाषिक पुस्तकासाठी मी आधीच तेच सुचवलं असतं. ऑफिसात फार भाषण न देता सांग: मुलांचं पुस्तक आहे, हा फाँट नको, पर्याय हा घ्या. तुझ्या त्या सहकाऱ्याचे आभार मान, त्याने विचारलं म्हणून कळलं.

बाकी कामांत, एखाद्या संग्रहालयाच्या माहितीपत्रकात किंवा टाईपच्या इतिहासावरच्या लेखात, गिल सॅन्स वापरायचा झाला तर वापर, शिकवायचा झाला तर शिकव. पण शिकवताना पूर्ण शिकव. जॉन्स्टनचं नाव घे, सॅल्फर्ड्सच्या मुलींचं सांग, आणि 1989 साली काय उघड झालं तेही सांग. तुझ्या शिक्षकांनी ते गाळलं, किंवा त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तू गाळू नकोस. लंडनमध्ये बीबीसीच्या ब्रॉडकास्टिंग हाऊसच्या दारावर गिलचं शिल्प आहे, शेक्सपियरच्या नाटकातल्या प्रॉस्परो आणि एरियलचं, एक दाढीवाला पुरुष आणि त्याच्यापुढे नग्न मुलगा. 2022 च्या जानेवारीत एक माणूस शिडी लावून वर चढला आणि त्याने त्यावर हातोडा घातला. 2023 साली पुन्हा तसंच झालं. हातोडा मला मान्य नाही. पण आधीची कितीतरी वर्षं त्या दाराखालून जाणाऱ्यांना कुणी काही नीट सांगितलं नव्हतं, याचाही त्या हातोड्यात वाटा आहे.

एक गोष्ट तुला वाचताना भेटली असेल, नसेल तर पुढे भेटेल. पेत्राने उतारवयातही वडिलांबद्दल कडवटपणा दाखवला नाही. याचा आधार घेऊन 'बघा, तिलाच तक्रार नव्हती' म्हणणारे लोक आहेत. तू त्यांच्या नादी लागू नकोस. लेकरू बापावर माया करतं, ते लेकराचं मोठेपण. त्याने बापाचा गुन्हा रतीभरही हलका होत नाही. आणि पेत्रा म्हणजे टबातली मुलगी एवढीच नव्हे. ती पुढे नावाजलेली विणकर झाली, 1999 पर्यंत जगली, नव्वदी ओलांडली. फ्रेम रिकामी झाल्यावर तिथे काय लावायचं असा प्रश्न पडला तर एखादं हातमागाचं कापड लाव. तुझ्या लेकीला ते बघायला आवडेल.

लेक विचारेलच, "आई, ती टबातली मुलगी कुठे गेली?" 9 वर्षांच्या मुलीला डायऱ्यांचं सांगायची गरज नाही. एवढं सांग: ज्याने ते चित्र काढलं तो आपल्या मुलींशी फार वाईट वागला, त्यांना नको असताना त्यांच्या अंगाला हात लावला, आणि त्यांना ते सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मी ते चित्र उतरवलं. शाळेत चांगल्या-वाईट स्पर्शाचं शिकवतात, पण ते बहुतेक अनोळखी माणसाबद्दल असतं. घरातल्या माणसाचंही नाव सांगता येतं, आणि सांगितलं तर आई रागावत नाही, हे तिला तुझ्या तोंडून कळू दे. चाईल्डलाईनचा 1098 हा नंबरही पाठ करून घे तिच्याकडून, पाढ्यांबरोबर.

आता तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य. तू लिहिलं नाहीस ते मी ओढून काढणार नाही. पण ते वाक्य तू लिहिलंस, खोडलं नाहीस, म्हणून बोलते. मला वाटतंय तेच जर असेल, तर त्या रात्री तू जागी राहिलीस ती केवळ गिलसाठी नाही. तुझ्यावर विश्वास ठेवील असं एखादं माणूस तुझ्याजवळ आहे का? नवरा असेल, बहीण असेल, मैत्रीण असेल. नसेल तर चांगली समुपदेशक शोध, स्त्री असली तर बरं, आणि पहिल्या भेटीत मन नाही जुळलं तर दुसरी शोध. इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं, असं तुझंच मन तुला म्हणेल. माझी मैत्रीण साठीला आल्यावर पहिल्यांदा सगळं बोलली, दोन तास बोलली, मग म्हणाली भूक लागली, आणि आम्ही दोघींनी पिठलं-भात केला.

मला पुन्हा लिहावंसं वाटलं तर पाकिटावर 'फक्त ताईंसाठी' असं लिही. ते पत्र या सदरात येणार नाही.

तुझी,
ताई